पाणमांजराला कायदा आहे, त्याच्या बिळाला नाही

मागच्या अंकात मुखपृष्ठावर पाणमांजराचा फोटो काय छापला, या महिन्याची अर्धी पत्रं आणि जवळजवळ सगळे व्हॉट्सॲप त्याच्यावरच आलेत. भाडेकरार, वारस नोंद, सोसायटीचं पार्किंग हे सगळं पुढच्या महिन्यात घेते, रागावू नका. पत्रं थोडी कापलीत आणि नावं काढून टाकलीत, कारण एकदोघांनी जे मोकळेपणानं लिहिलंय ते नावानिशी छापलं तर वनखातं त्यांच्या दारात उभं राहील.

प्रश्न : ताई, कणकवलीजवळ माझं शेततळं आहे, रोहू कटला आणि थोडी चिलापी सोडलीय. दिवाळीपासून नदीतून पाणमांजरं वर येतात, पाच-सहा असतात एका वेळी, एका रात्रीत फडशा पाडतात. गडी म्हणतो फासकी लावू, शेजारी म्हणतो थिमेट (शेतीचं विषारी औषध) टाक. रानडुकराला मारायची परवानगी मिळते तशी ह्यांना मिळेल काय?

नाही मिळणार. आणि फासकी, थिमेट दोन्ही डोक्यातून काढा, आधी हे वाचा मग गड्यालाही वाचून दाखवा.

कोकणात आणि गोव्यात आपल्याला दिसतं ते बहुतेक मऊ केसांचं पाणमांजर, सात ते अकरा किलोचं, कुटुंबकबिल्यानं फिरणारं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याला प्राण्यांच्या याद्या जोडलेल्या आहेत, त्यांना शेड्युल म्हणतात, त्यात हे आधी शेड्युल टू मध्ये होतं. २०२२ ला कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि त्यात पाणमांजर शेड्युल वन मध्ये गेलं, म्हणजे वाघ-बिबट्याच्या यादीत. कलम ९ प्रमाणे शिकार बंद, आणि शिकार म्हणजे फक्त बंदूक घेऊन मारणं असं नाही हो, कायद्यातली व्याख्या वाचली तर पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं, हाकणं, आणि ह्यातलं काही करायचा नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारच. तुमच्या फासकीत काही सापडलं नाही तरी फासकी कशासाठी लावलीत हा प्रश्न उरतोच.

रानडुकराचं म्हणाल तर ते शेड्युल टू मध्ये आहे आणि कलम ११ मध्ये शेड्युल टू च्या प्राण्याला पिकाच्या, मालमत्तेच्या नुकसानीसाठी मारायची परवानगी देता येते. शेड्युल वन ला तशी सोय नाही. तिथं जनावर माणसाच्या जिवावर उठलेलं पाहिजे नाहीतर बरं न होण्याइतकं जायबंदी, आजारी पाहिजे, आणि तेही ठरवणार राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक, तुम्ही-मी नाही. मासे खाल्ले हे कारण त्यात कुठंच बसत नाही.

शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. ३ वर्षं ही कमीत कमी आहेत, हे लोकांना पटतच नाही. "साहेबांना भेटून दंड भरून मिटवू" हेही चालत नाही, कारण जिथं किमान कैद लिहिलेली आहे तिथं कलम ५४ ची तडजोड लागू होत नाही, प्रकरण कोर्टातच जातं. शिवाय कलम ५७, म्हणजे तुमच्या ताब्यात जनावर किंवा त्याचं कातडं-हाड सापडलं तर ते कायदेशीर कसं आलं हे तुम्ही सिद्ध करायचं, सरकारनं नाही.

आता उपाय. आधी खात्री करा पाणमांजरच आहे ना, का रात्री दोन पायांचं कुणी येतंय. काठावरच्या दगडावर नाहीतर बांधाच्या उंचवट्यावर बघा, पाणमांजरं ठरलेल्या एकाच जागी घाण करतात, काळपट, चिकट, माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे त्यात सरळ डोळ्यांनी दिसतात, वास असा की पाच पावलांवरून कळतो. मऊ मातीत पाच बोटांचा, मधे पडदा असलेला ठसा उमटतो. ते असेल तर तळ्याभोवती चार-साडेचार फुटी जाळी, खाली फूट-दीड फूट पुरलेली (उकरून आत येतात) आणि वरचा काठ बाहेरच्या अंगाला वाकवलेला. सोलरचं झटका मशीन चालेल, पण मीटरवरून नाहीतर लाइनवर आकडा टाकून सोडलेली तार अजिबात नाही, त्यात पाणमांजर मेलं तर हा कायदा आणि माणूस मेला तर दुसरा. खर्च आहे, मान्य, पण सगळ्या तळ्याला नको, नदीच्या बाजूनं ज्या वाटेनं येतात तिथून सुरू करा.

प्रश्न : नदीवर रेती काढणाऱ्या पोरांना दोन पिल्लं सापडली, आई नव्हती म्हणून आम्ही घरी आणली. बाटलीनं दूध पितात, माझ्या मुलीला तर एवढा लळा लागलाय. जपानमध्ये लोक पाळतात असे व्हिडिओ आहेत. लायसन काढून ठेवता येईल का?

पाळायचं लायसन असा प्रकारच नाही. कलम ३९ म्हणतं रानटी जनावर सरकारची मालमत्ता, आणि तुमच्या हातात ते आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं. तुमच्या पत्रावरची तारीख बघता ४८ तास कधीच उलटून गेलेत, तरीसुद्धा आज कळवा, आजच. महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ नंबर आहे, तिथं फोन करा आणि जागा नीट सांगा. स्वतःहून दिलेलं आणि धाडीत सापडलेलं ह्यात कोर्टालाही फरक दिसतो.

आई नव्हती म्हणजे टाकून गेली असं समजू नका. पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले असतात, महिनाभर तरी बिळातच, आणि आईला पोटासाठी पाण्यात जावंच लागतं. काठावर पिल्लू दिसलं तर लांब जाऊन गप बसायचं, काम थांबवायचं, ती येते. गाईचं दूध बाटलीनं पाजू नका, जुलाब होऊन मरतात.

आणि ते जपानचे व्हिडिओ. तिथल्या कॅफेमधली, घरातली ती बहुतेक छोट्या नखांची पाणमांजरं, जगातली सगळ्यात लहान जात, आणि त्या हौसेपायी थायलंड वगैरे भागातून चोरटी पिल्लं जायला लागली. म्हणून २०१९ मध्ये जिनिव्हाला साइटिसची (रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषद झाली तिथं ही जात आणि आपली मऊ केसांची, दोन्ही पहिल्या परिशिष्टात टाकल्या, म्हणजे रानातल्या पाणमांजरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. दोन्ही प्रस्ताव मांडणाऱ्यांत भारत होता. मुलीला हे सांगा, रडेल बिचारी, पण दोन वर्षांनी दहा किलोचं दातवालं जनावर घरात फिरायला लागलं की तुम्ही रडाल.

प्रश्न : आमच्या गावच्या नदीत गाळ काढायचं काम झालं. उंबराच्या मुळांखाली पाणमांजराची बिळं होती, आम्ही लहानपणापासून बघतोय. पोकलेननं काठ सपाट केला, झाडासकट. वनरक्षकाला बोलावलं तर म्हणतो मेलेलं जनावर दाखवा, गुन्हा दाखल करतो. बिळं मोडली तर गुन्हा नाही? (रत्नागिरी जिल्हा)

ह्या एका प्रश्नासाठी मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली खरं तर.

तुम्हाला राग येईल पण वनरक्षक कायद्याच्या भाषेत चुकीचं बोलला नाही. शिकारीच्या व्याख्येत पक्षी आणि सरपटणारे प्राणी ह्यांची अंडी, घरटी मोडणं, त्यांना त्रास देणं हे शब्द आहेत. म्हणजे मगरीचं घरटं उकरलं तर शिकार. सस्तन प्राण्याच्या बिळाबद्दल मात्र एक शब्द नाही. अभयारण्यात असतं तर कलम २९ होतं, तिथं प्राण्याचं वसतिस्थान परवानगीशिवाय बिघडवता येत नाही. पण पाणमांजर अभयारण्याची हद्द बघून राहत नाही, ते राहतं गावच्या नदीत, धरणाच्या फुगवट्यात, खाडीत, खाजणात (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन), आणि ही सगळी जागा महसूल खात्याची, पाटबंधाऱ्याची नाहीतर खाजगी. त्यामुळे जनावर शेड्युल वन मध्ये आणि त्याचं घर गाळाच्या टेंडरमध्ये, अशी गंमत. नवीन दुरुस्तीत यादी बदलली, ही व्याख्या तशीच राहिली, आणि माझ्या मते शेड्युल बदलल्याचे पेढे वाटण्याआधी हे बघायला हवं होतं.

पोकलेन चालला तेव्हा आत पिल्लं होती आणि ती मेली, असं कुणी पाहिलं असेल तर गोष्ट वेगळी, ती सरळ कलम ९ ची तक्रार होते. वनखातं ढिम्म हललं नाही तर कलम ५५ खाली कुठल्याही नागरिकाला ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः कोर्टात तक्रार करता येते. पण कोण पाहणार आणि कोण लिहून देणार, गावात राहायचं असतं.

मग करायचं काय. बिळाला थेट कायदा नसला तरी नदीला आहेत थोडेफार. गाळाच्या नावाखाली रेती उचलली जात असेल (तुमच्या पत्रात डंपरचा उल्लेख आहे म्हणून म्हणते) तर २०१२ ला सुप्रीम कोर्टानं दीपक कुमार खटल्यात सांगितलंय की छोट्या खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते. तहसीलदाराकडे माहिती अधिकारात कामाचा आदेश, मोजमाप, मंजुरी तिन्ही मागा. ते नसेल तर हरित लवाद (पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायालय), पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १००० रुपये. पण मुदत बघा, घटना घडल्यापासून ६ महिने, फार तर वरती ६० दिवस. लोक वर्षभर निवेदनं देत बसतात, पेपरात फोटो येतो, आमदार भेट देऊन जातो आणि तोवर मुदत संपते. काम खाडीच्या पट्ट्यात झालं असेल आणि कांदळवन तुटलं असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम, कारण २०१८ ला मुंबई हायकोर्टानं राज्यभर कांदळवन तोडायला, त्यात भराव टाकायला बंदी घातली आणि भोवतीचे ५० मीटरही त्यात धरले. खाडीतलं पाणमांजर लपतं तिथंच.

हे झालं घडून गेल्यावर. घडायच्या आधीचं काम कंटाळवाणं आहे आणि म्हणून कुणी करत नाही. जैवविविधता कायदा २००२, कलम ४१, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. बऱ्याच गावांत ती नोंदवही कुणीतरी एजन्सीनं शेजारच्या गावाची कॉपी मारून केलेली असते, उघडून बघा, तुमच्या नदीत नसलेले प्राणी पण सापडतील. त्यात पाणमांजराची बिळं कुठल्या डोहाजवळ, कुठल्या महिन्यात पिल्लं दिसतात, हे तारीखवार फोटोसकट ग्रामसभेच्या ठरावानं घालून घ्या. उद्या टेंडर आलं की हा कागद समोर ठेवता येतो, नाहीतर सगळे म्हणतात आम्हाला काय माहीत तिथं काय होतं.

त्याच कायद्यात कलम ३७ आहे, जैविक वारसा स्थळ. आंबोलीला हिरण्यकेशी देवळाच्या कुंडात आणि तिथल्या झऱ्याच्या पाण्यात बोटाएवढा एक नवीन मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी, त्याच्यासाठी २०२१ ला राज्य सरकारनं २.११ हेक्टर जागा वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढ्या माशाला जागा मिळते तर पाणमांजराच्या एका डोहाला का मिळू नये, मागायला तर हवी कुणीतरी.

आणखी मोठं करायचं तर संवर्धन राखीव, वन्यजीव कायद्याचं कलम ३६-ए, सरकारी जागेवर करता येतं, नदीच्या पात्रावर पण. कर्नाटकानं २०१५ ला तुंगभद्रेचा मुदलापूर ते कांपली हा ३४ किलोमीटरचा पट्टा खास पाणमांजरासाठी संवर्धन राखीव केला, देशातला पहिला. हंपीच्या पायथ्याची नदी ती, पर्यटक, मोटारपंप, केळीच्या बागा सगळं आहे काठाला, तरी झालं. आपल्याकडे दोडामार्गात तिलारी २०२० ला संवर्धन राखीव झालं. फार भाबडेपणानं बघू नका मात्र, संवर्धन राखीवला अभयारण्याचं कलम २९ लागू होत नाही. कलम ३२ लागू होतं, म्हणजे स्फोटकं आणि घातक रसायनं बंद. आणि जी व्यवस्थापन समिती बसते तिच्यात ग्रामपंचायतीचा माणूस असतो, पोकलेन आणायच्या आधी निदान कुणाला तरी विचारावं लागतं.

प्रश्न : मी चार वर्षं इंग्लंडमध्ये आहे. आमच्या गावात छोट्या पुलाचं काम ऑटरच्या बिळामुळे कित्येक महिने थांबलं. आपल्याकडे असं का होत नाही? त्यांचा कायदा जास्त कडक आहे का?

शिक्षेच्या बाबतीत आपला कडक, ३ वर्षं किमान कैद त्यांच्याकडे नाही. फरक वरच्याच उत्तरातला. त्यांच्या कायद्यात ऑटरची विश्रांतीची आणि पिल्लांची जागा मोडणं हाच स्वतंत्र गुन्हा, आत जनावर असो नसो. म्हणून पुलाचा कंत्राटदार आधी सर्व्हे करून घेतो, मग नॅचरल इंग्लंड ह्या तिथल्या सरकारी निसर्गसंस्थेकडून परवाना. पण कायद्यालाच सगळं श्रेय देऊ नका. तिथं १९७८ पर्यंत कुत्रे घेऊन ऑटरची शिकार हा खेळ होता, आणि त्याही आधी १९५०-६० च्या दशकात डिल्ड्रिनसारखी कीटकनाशकं नदीत उतरून मासे खाणारे ऑटर संपत आले होते. ती औषधं बंद झाली, नद्या सुधारल्या, शिकार थांबली, तेव्हा कुठं २०११ मध्ये केंटमध्ये दिसल्यावर म्हणता आलं की इंग्लंडच्या सगळ्या काउंट्यांत ऑटर परत आलं.

प्रश्न : आमचं खाजण आहे (बार्देस, गोवा). मानशीला (बांधातल्या पाण्याच्या दाराला) रात्री जाळं लावतो, गेल्या महिन्यात त्यात हुद (पाणमांजर) अडकून मेलं. घाबरून पुरून टाकलं. हा गुन्हा झाला का?

जाळं माशांसाठी होतं, हुदासाठी नव्हतं, हे तुमच्या बाजूनं आहे. कलम ३९ मध्येच चुकून मारलं गेलेलं जनावर असे शब्द आहेत, म्हणजे असं होऊ शकतं हे कायद्यानं धरलेलं आहे, फक्त तेही सरकारी मालमत्ता आणि तेही ४८ तासांत कळवायचं. पुरून टाकलं हे वाईट झालं, कारण लपवलं की हेतूवर शंका येते. गावातल्या वकिलाला घेऊन वनखात्याच्या रेंज ऑफिसात जा आणि झालं ते लिहून द्या.

पुढचं सांगते. पाणमांजर हवेत श्वास घेतं, पाण्याखाली जाळ्यात अडकलं की काही मिनिटांत संपलं. मानशीचं जाळं भरतीओहोटीच्या वेळेपुरतं लावा, रात्रभर सोडून झोपू नका. आणि बांधाला भोकं पाडतं म्हणून हुदाला शिव्या घालणारे बरेच आहेत गोव्यात, पण बांध फुटतात ते बहुतेक निगा न राखल्यानं, हे तुमच्या कूळ संघटनेतल्या म्हाताऱ्यांना विचारा.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत पाणमांजराचं कातडं निघालं. विकता येईल का?

नाही. देता पण येणार नाही कुणाला. असल्या वस्तू जाहीर करायला २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती, तेव्हा मालकीचं सर्टिफिकेट काढलं असेल तर ते शोधा. असेल तर नव्या कलम ४२-ए खाली वनखात्याकडे जमा करता येतं, पैसे मिळत नाहीत. सर्टिफिकेट नसेल तर वकिलामार्फत अर्ज करून जमा करा, ऑनलाइन फोटो टाकून किंमत विचारू नका, तिथंच लोक अडकतात. ह्या कातड्याचा धंदा किती मोठा होता बघा, २००३ च्या ऑक्टोबरमध्ये तिबेटमध्ये एका ट्रकात ३१ वाघांची, ५८१ बिबट्यांची आणि ७७८ पाणमांजरांची कातडी सापडली होती. वाघांची बातमी झाली.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. मुलांना घेऊन नदीवर पाणमांजरं बघायला गेलो तर चालेल ना? रील टाकला तर?

बघायला कायद्याची आडकाठी नाही, पाठलाग करायचा नाही, दगड मारून पाण्याबाहेर काढायचं नाही (हाकणं पण शिकारीत येतं, वर लिहिलंय) आणि ड्रोन नको. सकाळी लवकर जा, समोरच्या काठावर बसा, बिळाच्या काठावर नाही. रील टाका पण गावाचं नाव, पूल, देऊळ असलं ओळखीचं काही त्यात नको, पिल्लं पळवणारे पण रील बघतात. मूळ फोटो तारखेसकट जपून ठेवा आणि एक प्रिंट ग्रामसेवकाला द्या, नोंदवहीत लावायला.